नेत्र गेले, दर्शन लाभले
प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी संघवी यांच्या जीवनाचा ताळेबंद

व्यापारी घरात मुलगा हुशार निघाला की त्याचे भवितव्य लहानपणीच ठरून जाते. हिशेबात तरबेज, बोलण्यात चतुर आणि गिऱ्हाईक ओळखणारा मुलगा उद्या पेढी सांभाळणार, हे घरातील सारेच गृहीत धरतात. त्यात वावगे काही नाही. पिढ्यान्पिढ्या आपली घरे याच विश्वासावर उभी राहिली. परंतु असा मुलगा ऐन उमेदीत दृष्टी गमावून बसला, तर त्याच घरात प्रश्न उभा राहतो : आता याचे करायचे काय?

सौराष्ट्रातील एका जैन वणिक कुटुंबापुढे हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. त्या काळी घराजवळ अंधशाळा नव्हती, गावात ब्रेल लिपी कोणाला ठाऊक नव्हती आणि आंधळ्या मुलाने शिकावे असे सुचविणारेही कोणी नव्हते. तरीही त्या घरातील मुलगा पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचा प्राध्यापक झाला. त्याने संपादित केलेले ग्रंथ आजही अभ्यासक आधारासाठी उघडतात. पंडित सुखलालजी संघवी हे नाव स्वाध्याय करणाऱ्या अनेक घरांत परिचित आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’वरील त्यांचे विवेचन वाचताना मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते की ते लिहिणाऱ्याने त्यातील एक अक्षरही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

लिमलीचे घर

सुखलालजींचा जन्म 8 डिसेंबर 1880 रोजी वढवाणजवळच्या लिमली या लहानशा गावी झाला. वडील संघजीभाई व्यापार करीत. मुलगा चार वर्षांचा असतानाच आईचे छत्र हरपले. मुलगा अंगाने काटक आणि खेळकर होता. घोडेस्वारी व पोहणे या दोन्हींची त्याला विलक्षण आवड होती. शाळेतही तो चमकला आणि गुजराती सातवीपर्यंतचे शिक्षण त्याने चांगल्या रीतीने पुरे केले. पुढे इंग्रजी शिकावे अशी त्याची फार इच्छा होती. पण घरातील वडीलधाऱ्यांचा हिशेब निराळा होता. एवढा हुशार मुलगा शाळेत वेळ घालविण्यापेक्षा दुकानात बसला तर व्यापार वाढेल, असे त्यांना वाटले. मुलाने मान तुकविली आणि तो दुकानात बसू लागला. पाहता पाहता त्याने धंद्यात गती मिळविली.

त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच त्याची सोयरीक झाली होती. पंधराव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू झाली. परंतु सासरच्या मंडळींच्या काही अडचणीमुळे ते पुढे ढकलावे लागले. आणि मग देवीची साथ आली. विक्रम संवत् 1953 म्हणजे इसवी सन 1897च्या सुमारास सोळा वर्षांच्या सुखलालला देवी आल्या. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले. पुढे ढकललेले लग्न कायमचे मोडले.

त्या घराची अवस्था काय झाली असेल, हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगावयास नको. कालपर्यंत जो घराचा आधार मानला जात होता, तो आज घरावरचा भार ठरला. दुकानातील जागा गेली, संसाराचे स्वप्न गेले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी दिवस कसा घालवावा हा प्रश्न उरला. देशातील पहिली अंधशाळा दूर पंजाबात अमृतसर येथे 1887 साली सुरू झाली होती. लिमलीसारख्या खेड्यापर्यंत तिची वार्ता पोहोचण्याचा संभव नव्हता.

कानांची पाठशाळा

नेत्र गेले तेव्हा उरले होते काय? कान, स्मरणशक्ती आणि गावात चातुर्मासासाठी वा विहार करीत येणारे साधू-साध्वी. सुखलालजींनी या भांडवलावर आरंभ केला. उपाश्रयात जावे, येणाऱ्या महाराजांकडून व महासतींकडून सूत्रे ऐकावीत, थोकडे पाठ करावेत, स्तवने आणि सज्झाय कंठस्थ करावीत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढे संस्कृत श्लोक कानी पडू लागले. अर्थ समजत नसे, तरी त्या भाषेच्या नादाने ते भारावून गेले. ही भाषा समजलीच पाहिजे अशी ओढ त्यांना लागली.

आपल्या परंपरेत ज्ञानाच्या एका प्रकाराला ‘श्रुतज्ञान’ असे नाव आहे. श्रुत म्हणजे ऐकलेले. भगवान महावीरांची वाणी गणधरांनी ऐकली आणि ती शेकडो वर्षे गुरुमुखातून शिष्याच्या कानी पडत राहिली. ती व्यवस्थितपणे लिपिबद्ध झाली ती देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखालील वलभीच्या वाचनेत, आणि वलभीही सौराष्ट्रातच आहे. तेव्हा नेत्रांवाचून आगम शिकू पाहणारा हा तरुण काही अपूर्व गोष्ट करीत नव्हता. परंपरेचा जो मूळ मार्ग, त्याच मार्गाने तो चालला होता.

या सात-आठ वर्षांतील एक प्रसंग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. तीव्र स्मरणशक्तीमुळे सुखलालजींना अवधानाचे प्रयोग साधू लागले. एकाच वेळी अनेक गोष्टी ऐकून त्या क्रमाने सांगण्याच्या या विद्येचे लोकांना मोठे कौतुक असते. आंधळा तरुण असे प्रयोग करतो म्हटल्यावर गर्दी जमली असती, मानधनही मिळाले असते. परंतु या खेळाने स्मरणशक्तीचे नुसते प्रदर्शन होते, विचारशक्ती वाढत नाही आणि जिज्ञासा मरते, हे त्यांनी ओळखले आणि तो मार्ग सोडून दिला. लोकांच्या नवलावर जगण्याची सोय हाताशी असताना तिच्याकडे पाठ फिरविणे हा त्यांच्या पुढील साऱ्या यशाचा पहिला पाया होय.

काशीचा प्रवास

काशी येथे श्री विजयधर्मसूरींनी यशोविजय जैन संस्कृत पाठशाळा सुरू केल्याची बातमी लिमलीत आली. सुखलालजींनी घरी न कळविता पत्रव्यवहार केला आणि प्रवेशाची अनुमती मिळविली. घरात विरोध झाला, आणि तो होणे स्वाभाविकही होते. ज्याला अंगणात जाण्यासाठीही हात धरावा लागतो, त्याला शेकडो कोसांवरच्या परक्या मुलुखात कोण पाठवील? विरोधामागे प्रेमच होते. पण प्रेमाने घातलेले कुंपणही कुंपणच असते. 1904 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एका सोबत्यासह ते काशीस निघाले.

पाठशाळेत त्यांनी हेमचंद्राचार्यांचे ‘सिद्धहेम’ व्याकरण हाती घेतले. त्याची अठरा हजार श्लोकप्रमाण बृहद्वृत्ती त्यांनी तीन वर्षांत अभ्यासली. पुढे पाठशाळेतील वातावरण न मानवल्यामुळे ते आपले मित्र व्रजलालजी यांच्यासह बाहेर पडले आणि गंगाकाठी भदैनी घाटावरील जैन धर्मशाळेत राहू लागले. पैशाची चणचण होती. अध्ययनाची सोय स्वतःच करावी लागे. काशीच्या ब्राह्मण पंडितांकडे जाऊन न्याय व अलंकार शिकताना मानापमानाचे प्रसंगही सोसावे लागत.

याच घाटावरची एक हकीकत त्यांच्या चरित्रात येते. बालपणीची पोहण्याची हौस त्यांना स्वस्थ बसू देत नसे. ते आपल्या हाताला दोरी बांधीत, तिचे दुसरे टोक काठावर बांधून ठेवीत आणि गंगेत मनसोक्त पोहत. एके दिवशी दोरी न बांधताच त्यांनी उडी घेतली. प्रवाहात ते बुडू लागले, तेव्हा व्रजलालजींनी त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग लहान आहे, पण त्यांच्या जीवनाची सारी रीत त्यात सामावलेली आहे. काठावर बसून राहणे त्यांना मान्य नव्हते. दोरी लागते हे मान्य करण्यातही त्यांना पुढे कधी कमीपणा वाटला नाही.

व्हेनिस साहेबांची परीक्षा

1910च्या सुमारास सुखलालजी काशीच्या क्वीन्स कॉलेजात न्यायशास्त्राच्या परीक्षेस बसले. उत्तरे लिहून घेण्यासाठी त्यांना एक लेखनिक देण्यात आला. पण तो त्या विषयास पुरा पडणारा नव्हता. हे सांगत एक आणि तो लिही दुसरेच. अशा वेळी दैवाला दोष देऊन गप्प बसणारे पुष्कळ असतात. सुखलालजींनी सरळ प्राचार्यांकडे आपली अडचण मांडली. प्राचार्य आर्थर व्हेनिस हे स्वतः संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी तत्काळ तोंडी परीक्षेची व्यवस्था केली आणि ते स्वतःही परीक्षकांसमवेत बसले. उत्तरे ऐकून ते अत्यंत प्रसन्न झाले.

येथे काय घडले याचा नीट विचार केला पाहिजे. परीक्षा सोपी केली गेली नाही. गुण वाढवून दिले गेले नाहीत. केवळ उत्तर कागदावर उतरविण्याची रीत बदलली, आणि जे ज्ञान लेखनिकाच्या अज्ञानाखाली गाडले जाणार होते ते उजेडात आले. दृष्टिहीनाला सवलत हवी असते ती एवढीच. आज भारतात शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थीस लेखनिक मिळतो आणि तासाला किमान 20 मिनिटे अधिक वेळ मिळतो. काशीच्या त्या प्राचार्यांना असा नियम कोणी लावून दिला नव्हता.

पुढे सुखलालजी मिथिलेतही गेले आणि पंडित बालकृष्ण मिश्र यांच्याकडे नव्यन्यायाचे कठीण अध्ययन त्यांनी केले. तेथील थंडीचे दिवस त्यांना फार जड गेले. अंगावर एकच स्वेटर होता. गुरूंना तो आवडल्याचे कळताच त्यांनी तो त्यांना अर्पण केला आणि आपण गवताच्या आधाराने रात्री काढल्या. विद्येची किंमत मोजावी लागते हे व्यापाऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसऱ्याचे नेत्र, स्वतःचा निर्णय

अध्ययन पुरे होताच त्यांनी प्रथम आग्रा येथे राहून कर्मग्रंथांचे हिंदी अनुवाद व विवेचन केले. पुढे महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात 1922च्या सुमारास ते अध्यापक म्हणून रुजू झाले. येथेच त्यांनी पंडित बेचरदास दोशी यांच्यासह जे काम हाती घेतले, त्याने त्यांची कीर्ती विद्वानांत पसरली. ते काम म्हणजे सिद्धसेन दिवाकर यांच्या ‘सन्मतितर्का’चे, अभयदेवसूरींच्या टीकेसह, संपादन. टीकेचा विस्तार पंचवीस हजार श्लोकप्रमाण. त्यात भारतातील बहुतेक साऱ्या दर्शनांचे वाद-प्रतिवाद आलेले आहेत. हे संपादन सुमारे नऊ वर्षे चालले आणि पाच भागांत प्रसिद्ध झाले.

जुन्या ग्रंथाचे संपादन म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांस वहीच्या उदाहरणाने समजेल. एकाच पेढीच्या एका वर्षाच्या अनेक नकला हाती आल्या, प्रत्येकीत काही नोंदी वेगळ्या, काही पुसट, काही चुकीच्या, आणि मूळ वही तर गहाळ झालेली, अशा स्थितीत खरी नोंद कोणती हे ठरविण्यासारखेच ते काम आहे. डोळस माणूस हस्तलिखिते समोर पसरून बसतो. सुखलालजींना हे सारे ऐकून करावे लागे. वाचणारा पाठ वाचून दाखवी, दुसऱ्या प्रतीतील भेद सांगितला जाई. मग कोणता पाठ शुद्ध, कोणता लेखकाचा प्रमाद, हाच विचार बौद्ध किंवा मीमांसक ग्रंथात कोठे आला आहे, हे ते आपल्या स्मरणातून शोधीत आणि निर्णय लिहून घेण्यास सांगत. नेत्र दुसऱ्याचे होते, निर्णय त्यांचा होता. विद्वत्ता निर्णयात असते, वाचनाच्या साधनात नव्हे, हे त्या पाच भागांनी सिद्ध केले.

याच काळात ‘तत्त्वार्थसूत्रा’वरील त्यांचे गुजराती विवेचन प्रसिद्ध झाले. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी रूपांतरेही झाली. आणि लहानपणी दुकानाच्या पायी जी इंग्रजी राहून गेली होती, ती त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकावयास घेतली. जगातील नवे संशोधन कोणत्या भाषेत येते हे त्यांनी हेरले होते. वय झाले, आता कशाला, असे म्हणण्याची त्यांची वृत्ती नव्हती.

1933 साली ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापक झाले. ज्या नगरीत तीस वर्षांपूर्वी ते सोबत्याचा हात धरून उतरले होते, त्याच नगरीत आता त्यांच्यापुढे विद्यार्थी बसू लागले. हेमचंद्राचार्यांची ‘प्रमाणमीमांसा’ त्यांनी संपादून 1939 साली सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. यशोविजयजींची ‘जैनतर्कभाषा’ व ‘ज्ञानबिंदू’ हे ग्रंथही त्यांनी याच सुमारास सिद्ध केले. त्यांच्या टिपणांत जैन, बौद्ध आणि वैदिक या तिन्ही परंपरा एकमेकींशेजारी ठेवून पाहिलेल्या आढळतात. अनेकान्ताचा हा प्रत्यक्ष व्यवहार होता. रूढीवर टीका करताना त्यांनी आपल्या समाजाचाही मुलाहिजा ठेवला नाही. त्यामुळे काही मंडळींचा रोषही त्यांना पत्करावा लागला.

काशीतील दिवसांत दलसुखभाई मालवणिया हे तरुण अभ्यासक त्यांना ग्रंथ वाचून दाखविण्यासाठी आले. वाचता वाचता ते शिकले, शिकता शिकता सहसंपादक झाले, आणि 1944 साली सुखलालजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी दलसुखभाईच नियुक्त झाले. पुढे ते स्वतः जैन विद्येतील थोर विद्वान म्हणून मान्यता पावले. दृष्टिहीनाला वाचून दाखविणारा उपकार करतो, असे आपण समजतो. या व्यवहारात जमा कोणत्या बाजूस अधिक झाले, याचा हिशेब दलसुखभाईंच्या जीवनाने मांडून ठेवला आहे.

निवृत्तीनंतर काही काळ मुंबईच्या भारतीय विद्या भवनात आणि पुढे अहमदाबादेत त्यांचे लेखन-चिंतन चालूच राहिले. 1957 साली मुंबईत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा अखिल भारतीय सन्मान झाला. ‘दर्शन अने चिंतन’ या गुजराती लेखसंग्रहास 1958चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1974 साली पद्मभूषण आले. 2 मार्च 1978 रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, अहमदाबाद येथे त्यांनी देह ठेवला. ज्या देवीच्या रोगाने त्यांचे नेत्र नेले, त्या रोगापासून भारत पूर्णपणे मुक्त झाल्याचे आधीच्याच वर्षी, म्हणजे 1977 साली, जाहीर झाले होते.

कर्माचा उदय आणि पुरुषार्थ

आपल्या घरांत असे दुःख आले की ‘कर्माचा उदय’ असे म्हटले जाते. श्रद्धावंताने तसे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण कर्मसिद्धान्ताचे अर्धेच वाक्य उच्चारून थांबणे योग्य नव्हे. शास्त्रकारांनी दर्शनावरणीय कर्माच्या भेदांत ‘चक्षुदर्शनावरण’ सांगितले, त्याच्या शेजारीच ‘अचक्षुदर्शन’ही सांगितले. नेत्रांखेरीज इतर इंद्रिये व मन यांच्या द्वारा होणारा बोध तो अचक्षुदर्शन. एक द्वार मिटले तरी इतर द्वारे उघडी असू शकतात, हे आपल्या शास्त्रातच आहे. ज्ञानावरण कर्माचा क्षयोपशम अध्ययनाने, विनयाने व पुरुषार्थाने होतो, हेही आपण व्याख्यानात ऐकतो. सुखलालजींनी कर्मग्रंथांचे विवेचन लिहिले आणि ते जगूनही दाखविले.

तथापि प्रत्यक्षात काय घडते? मुलाच्या दृष्टीत दोष असल्याचे लक्षात आले की अनेक घरांत पहिली चिंता असते ती गोष्ट झाकण्याची. एका मुलाचे कळले तर बाकीच्या भावंडांच्या सोयरिकी अडतील, लोक काय म्हणतील, हे विचार पुढे येतात. मग मुलगा पाहुण्यांपुढे येत नाही. मुलीला शाळेतून काढून घरातच ठेवले जाते. तिला सारे हातात मिळते, मात्र काम दिले जात नाही. वडीलधाऱ्यांचे दुखणे आणखी निराळे. काचबिंदूने किंवा मधुमेहामुळे दृष्टी मंदावलेला कर्ता पुरुष गादीवर बसून राहतो, आकडे दिसत नाहीत हे कोणाला सांगत नाही, आणि तपासणी लांबत जाते. काचबिंदूने एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. मात्र वेळीच निदान झाले तर उरलेली राखता येते. लपविण्याच्या या सवयीने किती घरांचे किती नुकसान होते, ते कोणत्याही वहीत नोंदले जात नाही.

आजची साधने

सुखलालजींना जे दोरी बांधून साधावे लागले, त्यासाठी आज कितीतरी साधने उपलब्ध आहेत. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ प्रणाली आता सर्वपरिचित आहे. त्यांपैकी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन तरुणाने 2006 साली सुरू केली. साध्या स्मार्टफोनमध्येही अशी सोय आधीपासूनच असते. मराठी, हिंदी व गुजराती मजकूरही ती वाचते. हिशेबाची आज्ञावली, मालाची यादी, ई-मेल, बँकेचे व्यवहार हे सारे कानांनी करता येते. नोट किती रुपयांची हे मोबाइलवर ओळखून सांगणारे ‘मणी’ हे अ‍ॅप रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 रोजी आणले.

कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 अन्वये 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान 4 टक्के जागा राखीव असून त्यांपैकी 1 टक्का अंधत्व व अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत दृष्टिहीन अधिकारी आज जबाबदारीची कामे पाहत आहेत. खातेदारांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जून 2008 मध्ये स्पष्ट आदेश दिले आहेत. दृष्टिहीन व्यक्तीस चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांपैकी कोणतीही सुविधा केवळ दृष्टी नाही म्हणून नाकारता येत नाही. पुष्कळ घरांत हे ठाऊक नसल्यामुळे अशा मुलाच्या नावाने खातेच उघडले जात नाही, किंवा उघडले तरी व्यवहार दुसराच कोणी करतो. ज्याच्या नावावर व्यवहार नाही, त्याची बाजारात पत निर्माण होत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी ओळखपत्र वेळीच काढून ठेवले तर पुढील सवलतींचे दरवाजे उघडतात. ते काढण्यात लाज कसली?

साधने आणि कायदे मात्र घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतात. आत घेण्याचे काम घरच्यांचे. दृष्टी गमावलेल्या मुलाला प्रथम एकट्याने चालण्याचे व स्वतःचे काम स्वतः करण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड यांसारख्या संस्था हे काम अनेक वर्षे करीत आहेत. त्यानंतर त्याला खरे काम द्यावे. दुकानातील फोनवरची मागणी, उधारीची वसुली, दलालांशी बोलणी, भावांची चौकशी ही कामे कानांची आणि स्मरणाची आहेत. त्यात चूक झाली तर इतर भावंडांना जसे बोलतो तसेच त्यालाही बोलावे. आणि ज्याचा कल विद्येकडे आहे, त्याच्या शिक्षणावर दुकानात घालतो त्याच हिशेबाने भांडवल घालावे. फळ येण्यास वेळ लागेल, हे गृहीत धरावे. सुखलालजींना नेत्र गेल्यापासून प्राध्यापकाच्या आसनापर्यंत पोहोचण्यास छत्तीस वर्षे लागली.

लाभपंचमीचा संकल्प

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी मंडळी लाभपंचमी म्हणतात. दिवाळीनंतर त्या दिवशी दुकाने उघडतात, नव्या वहीत पहिली नोंद होते. तीच तिथी आपल्याकडे ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते आणि त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते. लाभ आणि ज्ञान एका तिथीला यावेत, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

येत्या ज्ञानपंचमीला प्रत्येक संघाने एक छोटे काम हाती घ्यावे. आपल्या गावात, आपल्या गच्छात वा पंथात, दृष्टी नसलेले वा अल्पदृष्टी असलेले किती साधर्मिक आहेत याची नीट यादी करावी. त्यांच्या घरी जाऊन त्यांना काय शिकावयाचे आहे, कोणते काम करावयाचे आहे, हे प्रथम त्यांनाच विचारावे. ज्यांना लिहिता-वाचता येते अशा तरुणांनी व निवृत्तांनी आठवड्यातून दोन तास त्यांना वाचून दाखविण्यासाठी किंवा परीक्षेत लेखनिक म्हणून बसण्यासाठी द्यावेत. काहींनी आपल्या आवाजात स्वाध्यायाची पुस्तके ध्वनिमुद्रित करावीत. ज्ञानदानाचा याहून सोपा प्रकार दुसरा नाही. यास पैसाही फारसा लागत नाही.

काशीच्या घाटावर दोरी बांधून गंगेत उतरणारा तो तरुण पोहणे स्वतःच जाणत होता. दोरीचे एक टोक काठावर पक्के असावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. आज आपल्या घरात वा शेजारी असा कोणी बसलेला असेल. त्याला पाण्यात उतरू द्यावे, आणि काठावरचे ते टोक आपण पक्के धरावे.